पेटीतली चित्रे बाहेर काढा

पोळा झाला की दुसऱ्या दिवशी नागपूरच्या रस्त्यांवर माणसांचा पूर लोटतो. काळी मारबत निघते. पिवळी मारबत निघते. त्यांच्याबरोबर बडगे निघतात. बडग्या म्हणजे बांबू, कागद, चिंध्या यांचा पुतळा. त्याच्या अंगावर पाटी असते. पाटीवर महागाई, लाचखाऊपणा, असे काही लिहिलेले असते. लोक पाटी वाचतात आणि खो खो हसतात. शंभर वर्षांहून अधिक काळ नागपुरात हे चालले आहे.

बडग्या म्हणजे चालते व्यंगचित्रच. जे तोंडाने बोलायला माणूस भितो, ते चित्र हसत हसत बोलते.

पण बडग्या संध्याकाळपर्यंत जळून जातो. कागदावरचे चित्र मात्र राहू शकते. कोणी जपले, तरच राहते. आज आपण ते जपण्याबद्दल आणि लोकांना दाखवण्याबद्दल वाचू.

एका पेटीची गोष्ट

एका साक्षरता वर्गात एक आत्याबाई येत. साठी उलटल्यावर त्या अक्षरे शिकल्या. त्यांच्या घरी सासऱ्यांची एक लोखंडी पेटी होती. मुलगा म्हणाला, "आई, सारी रद्दी आहे. किलोने विकून टाकू."

आत्याबाईंनी पेटी उघडली. वरच्या पुस्तकावरचे नाव त्यांनी बोट ठेवून वाचले. "चां-दो-बा." पुढचे वाचले. "वे-ताळ." खाली जाड कागदावर शाईने काढलेली काही चित्रे होती. ती छापील नव्हती. हाताने काढलेली होती.

पेटी घेऊन त्या वर्गात आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, मले वाटे हे लेकराइचं खेळणं. याचं काही मोल आहे का?"

गुरुजी म्हणाले, "आहे. असे कागद जमवणारे लोक नागपुरात आहेत, मुंबई-पुण्यातही आहेत. पण आधी विकू नका. आधी दाखवू."

आत्याबाई म्हणाल्या, "विकलं त दोन पैसे भेटतीन. दाखवून काय भेटते?"

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर आपण शोधू.

पेटीत काय काय असते?

'चांदोबा' हे मासिक मराठीत १९५२ साली सुरू झाले. त्यातला झाडावरचा वेताळ आणि खांद्यावर प्रेत घेतलेला विक्रम राजा अनेकांना आठवतो. १९६४ साली 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू झाले. त्यात मुखवटा घातलेला दुसरा वेताळ होता. ही मालिका १९९० साली बंद पडली. १९६७ साली अनंत पै यांनी 'अमर चित्र कथा' सुरू केली. चौकटीत चित्र आणि चित्रात बोल, अशी ही पुस्तके. कितीतरी मुलांना वाचनाची गोडी त्यांनीच लावली.

छापील पुस्तकाच्या हजारो प्रती निघतात. मूळ चित्र एकच असते. चित्रकार जाड कागदावर टाक किंवा कुंचला आणि काळी शाई घेऊन चित्र काढी. ते छापखान्यात जाई. त्यावरून जस्ताचा ठसा करत. ठशावरून प्रती निघत. काम झाले की मूळ चित्र कोपऱ्यात पडे. कधी त्यावर चहाचा कप ठेवला जाई. कधी ते रद्दीत जाई.

मूळ चित्रात छापील चित्राहून जास्त दिसते. आधीची पेन्सिलीची रेघ दिसते. पांढऱ्या रंगाने झाकलेली चूक दिसते. मोठा चित्रकारही चुकतो, खोडतो, पुन्हा काढतो. पाटीवर अक्षर गिरवताना आपणही हेच केले ना?

आज पुष्कळ चित्रकार संगणकावरच चित्र काढतात. त्याला कागदावरचे मूळ नसतेच. म्हणून जुनी हातची चित्रे अधिक जपली पाहिजेत.

इतरांनी काय केले?

शि. द. फडणीस हे मराठीतले मोठे व्यंगचित्रकार. त्यांच्या चित्रांना बहुधा शब्द लागत नाहीत. एका मासिकाच्या मुखपृष्ठावर त्यांनी एक बाई आणि एक पुरुष शेजारी उभे काढले. बाईच्या साडीवर मांजरे आणि पुरुषाच्या शर्टावर उंदीर! ज्याला वाचता येत नाही, तोही हे पाहून हसतो. १९६५ साली त्यांनी मुंबईच्या जहांगीर कलादालनात 'हसरी गॅलरी' हे प्रदर्शन भरवले. मासिकात पाहायची चित्रे भिंतीवर लागली.

त्याच वर्षी इटली देशात चित्रकथांचा एक मेळावा भरला. पुढच्या वर्षापासून तो लुक्का या गावी भरू लागला. फ्रान्समध्ये अँगुलेम गावी १९७४ पासून असा मेळावा भरतो. ही काही मोठी राजधानीची शहरे नाहीत. तरी चित्रांमुळे त्यांचे नाव जगात झाले.

इतके दूर कशाला जायचे? सिंधुदुर्ग जिल्ह्यात पिंगुळी हे गाव आहे. तेथील ठाकर समाजाचे लोक चित्रकथी करतात. एकेक चित्र पुढे धरायचे आणि गाऊन कथा सांगायची. चित्रांची पोथी बापाकडून मुलाकडे येते. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचे संग्रहालय केले आणि ही कला तेथे मांडली. २०२१ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. मोठा वाडा नसला तरी अडत नाही. जपायची इच्छा लागते.

आपला मेळावा कसा भरवावा?

नेहमीच्या मेळाव्यात दुकाने असतात. विकणारा एका बाजूला, घेणारा दुसऱ्या बाजूला. पैसा नसलेला माणूस दारातूनच परततो. आपला मेळावा निराळा करावा. त्याला 'पेटी-बैठक' म्हणू. प्रत्येक जमवणारा आपली पेटी घेऊन सतरंजीवर बसेल. त्या दिवशी विक्री नाही. तो एकेक चित्र दाखवील आणि त्याची गोष्ट सांगेल. बघणारे विचारतील. ज्याला वाचता येते, तो चित्रातले बोल मोठ्याने वाचील.

केव्हा? मारबतीच्या दिवसांत पावसाळा असतो. ओल कागदाची वैरी. उन्हाळ्यात नागपूर भट्टीसारखे तापते. डिसेंबरात विधानसभेचे अधिवेशन असले की राहायला जागा मिळत नाही. म्हणून जानेवारी अखेर किंवा फेब्रुवारी बरा. आमंत्रणाची पत्रके मात्र दसऱ्यालाच वाटावीत. त्या वेळी दीक्षाभूमीवर लाखो माणसे येतात आणि पुस्तकांच्या दुकानांवर झुंबड उडते. वाचनाची भूक असलेली माणसे तेथेच भेटतात. मूळ चित्रे मात्र त्या गर्दीत नेऊ नयेत.

कोठे? शाळेचा किंवा वाचनालयाचा कोरडा हॉल पुरे. छत गळके नसावे. चित्रावर थेट ऊन पडू नये. उन्हाने रंग उडतो.

मांडणी कशी? मूळ चित्र आणि त्याचे छापील पान शेजारी शेजारी ठेवावे. फरक आपोआप कळतो. टाचणी टोचू नये. चिकटपट्टी लावू नये, तिचा पिवळा डाग पडतो. कागदाचे चार कोपरे करून त्यात चित्र अडकवावे. वरून काच असावी. हात धुऊन, कोरडे करून मगच कागद धरावा. चहा-पाणी बाहेर.

चिठ्ठी हवीच. प्रत्येक चित्राखाली मोठ्या अक्षरात चार गोष्टी लिहाव्या. चित्र कोणी काढले? कोणत्या साली? कोठे छापले? पेटी कोणाची? माहीत नसेल तर "माहीत नाही" असे लिहावे. खोटे लिहू नये. बघणाऱ्यांत कोणाला माहीत असेल, तर तो सांगेल.

वही ठेवा. पेटी आली की किती चित्रे आली, ते लिहून सही घ्यावी. जाताना मोजून परत द्यावी. चित्रांचे फोटो विकू नयेत. चित्र विकत घेतले म्हणजे ते छापण्याचा हक्क मिळाला असे होत नाही. हा हक्क वेगळा असतो. १९५७ सालचा कायदा तसेच सांगतो.

हसायचे कोणाला?

एक गोष्ट जपून करावी लागते. चित्र हसवते, तसे बोचतेही. २०१२ साली शाळेच्या एका पुस्तकातल्या व्यंगचित्रावरून संसदेत मोठा वाद झाला. चित्र १९४९ सालचे होते. त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. अनेकांची मने दुखावली. चित्र पुस्तकातून काढण्याचे ठरले.

यातून काय घ्यावे? जुनी चित्रे लपवावी असे नाही. पण ती कोणी, केव्हा, कोणावर काढली, हे चिठ्ठीत लिहावे आणि लोकांना बोलू द्यावे. बडग्याची रीत ध्यानात ठेवावी. बडग्या भ्रष्टाचाराला हसतो, महागाईला हसतो. दुबळ्याच्या जातीला, गरिबीला, अंगाच्या व्यंगाला हसणे हा विनोद नव्हे. असे चित्र पेटीत निघाले, तर "त्या काळी लोक असेही हसत" म्हणून सांगावे. शोभा म्हणून लावू नये.

आत्याबाईंना उत्तर

दाखवून काय मिळते? पेटीत काय आहे, हे कळते. चित्रकाराचे विसरलेले नाव सापडते. चार जाणती माणसे मोल सांगतात. मग विकायचेच ठरले, तर घेणारा फसवू शकत नाही.

आत्याबाईंनी चित्रांची चिठ्ठी स्वतः लिहिली. पहिल्या तीन ओळींत "माहीत नाही" लिहिले. चौथ्या ओळीत सासऱ्यांचे नाव लिहिले. त्या नावात एक जोडाक्षर होते. ते तीनदा खोडून चौथ्यांदा बरोबर आले.

मुलाने चिठ्ठी वाचली. मग त्याने पेटी उचलली आणि ओल न लागणाऱ्या फळीवर ठेवली.

प्रश्न
१. बडग्याला चालते व्यंगचित्र का म्हटले आहे?
२. मूळ चित्र आणि छापील चित्र यांत काय फरक असतो?
३. चित्राखालच्या चिठ्ठीत कोणत्या चार गोष्टी लिहाव्या?
४. नागपुरात मेळावा पावसाळ्यात का भरवू नये?

करून पाहा
घरातली जुनी पुस्तके, मासिके, पोथ्या बाहेर काढा. सावलीत वारा द्या. कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून पुन्हा ठेवा. प्रत्येकावर एक चिठ्ठी लिहा. रद्दीवाला आला, तर आधी चिठ्ठी वाचा आणि मग ठरवा.