बायकोला डायरेक्टर करताय? जरा थांबा!

मित्रांनो, "नोकरी नको, आपण आपली कंपनी काढू" हे वाक्य होस्टेलवर रोज एकदा तरी ऐकू येतंच. त्यावर कुणीतरी जाणकार सल्ला देतो, "लग्न झालं की बायकोला डायरेक्टर कर, पगार दाखव, टॅक्स वाचतो!" आमच्या घरचं वर्कशॉप असल्यामुळे हा सल्ला मी लहानपणापासून ऐकत आलोय. उद्योजकतेच्या प्रोजेक्टसाठी कायदा वाचला, तेव्हा कळलं की तो अर्धाच खरा आहे.

वाचतो म्हणजे किती?

समजा, छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीतून नवऱ्याने एकट्याने वर्षाला २४ लाख पगार घेतला. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून त्याला सेससह २,९२,५०० रुपये कर बसतो. तेच दोघांनी १२-१२ लाख घेतले, तर रिबेटमुळे दोघांचाही कर शून्य! म्हणूनच सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटतं.

मेख कुठे आहे?

१९६१ च्या आयकर कायद्यात कलम ६४ होतं. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, पण तत्त्व तेच राहिलं. कंपनीत तुमचा २० टक्के किंवा जास्त मताधिकार असेल, तर तिथून जोडीदाराला मिळणारा पगार तुमच्याच उत्पन्नात धरला जातो. याला 'क्लबिंग' म्हणतात. शेअर्स भावाबहिणींत, आईवडिलांत वाटून उपयोग नाही, नातेवाइकांचा हिस्साही मोजतात. दोघांचाही असा हिस्सा असेल, तर ज्याचं बाकीचं उत्पन्न जास्त त्याच्या नावावर सगळं चढतं. वरच्या उदाहरणात मग शून्याऐवजी २,७३,००० रुपये भरावे लागतील.

सुटका कशी?

जोडीदाराकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता हवी आणि पगार केवळ त्या ज्ञानाचा व अनुभवाचा मोबदला हवा. मुंबई उच्च न्यायालयासमोर एका डॉक्टरांचं प्रकरण आलं होतं. पत्नी त्यांच्याच दवाखान्यात रिसेप्शन आणि हिशेब बघायची. तिच्याकडे अशी पात्रता नसल्याने तिचा पगार डॉक्टरांच्या उत्पन्नात धरला गेला. उलट, आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने म्हटलं की पात्रता म्हणजे डिग्रीच पाहिजे असं नाही, कामातलं खरं कौशल्यही चालतं. म्हणजे प्रश्न सर्टिफिकेटचा कमी आणि कामाचा जास्त आहे. डिझाईन करणारी इंजिनिअर पत्नी नियमात बसते. फक्त चेकवर सही करणारी नाही, मग ती गोल्ड मेडलिस्ट का असेना!

लक्षात ठेवा :

१) पगार कामाच्या मानाने हवा. बाजारभावापेक्षा जास्त दिलेली रक्कम कंपनीचा खर्च म्हणून नाकारली जाऊ शकते.

२) नेमणूकपत्र, बँकेतून पगार, टीडीएस आणि प्रत्यक्ष कामाचा पुरावा (ड्रॉइंग्ज, ई-मेल, हजेरी) जपून ठेवा.

३) जोडीदाराने स्वतःच्या पैशाने शेअर्स घेतले, तर लाभांश त्याचा. तुम्ही भेट दिलेल्या पैशाने घेतले, तर लाभांश पुन्हा तुमच्याच नावावर.

आता वर्गातल्या मुलींसाठी. डायरेक्टरची सही म्हणजे शोभेचं पद नाही. प्रायव्हेट कंपनीचा थकलेला आयकर कंपनीकडून वसूल झाला नाही, तर त्या काळातल्या प्रत्येक डायरेक्टरवर तो येऊ शकतो. आपला घोर निष्काळजीपणा नव्हता हे मग आपणच सिद्ध करायचं. "तू फक्त सही कर" असं कुणी म्हटलं, तर आधी बॅलन्स शीट मागा. आणि काम करत असाल, तर पगार हक्काने घ्या.

थोडक्यात, जोडीदाराला कंपनीत जरूर घ्या, पण कागदावर नको, कामावर घ्या. टॅक्स त्यातूनच वाचेल, आणि नोटीस आली तरी झोप उडणार नाही. आकडेमोडीसाठी मात्र चांगला सीए गाठा. बेस्ट लक!