संकटकाळी निर्णय कसा करावा

आमच्या वाचकांपैकी पुष्कळ जण लहान खेड्यांत राहतात, व त्यांतील कित्येकांवर मंडळीचा, शाळेचा किंवा पंचायतीचा भार असतो. नदीला पूर येतो, साथ सुटते, डोंगराला भेग पडते, तेव्हा लोक त्यांच्याच तोंडाकडे पाहतात. अधिकारी दूर, डॉक्टर दूर, आणि वेळ तर हातची निघून जात असते. अशा प्रसंगी निर्णय कसा करावा हे शिकता येते काय? येते, असे आमचे मत आहे. म्हणून हा पाठ योजिला आहे.

ह्या कामी आम्ही युद्धशास्त्राचा आधार घेणार आहो. युद्धाची स्तुती करावी हा आमचा हेतू मुळीच नाही. परंतु माहिती अपुरी, वेळ थोडा व चुकीची किंमत प्राणांनी द्यावयाची, अशा स्थितीत माणसाचे मन कसे चालते, ह्याचा अभ्यास सैनिकांनी फार केला आहे. त्यांपासून चांगले ते घ्यावे.

१. चार पायऱ्या

जॉन बॉइड (१९२७–१९९७) हे अमेरिकेच्या हवाई दलातील कर्नल होते. १९५३ साली कोरियाच्या युद्धात ते लढाऊ विमान चालवीत. शत्रूची मिग विमाने काही गुणांत सरस असता अमेरिकन सेबर विमाने वरचढ का ठरली, ह्याचा त्यांनी पुढे विचार केला. सेबरच्या चालकास चहूकडचे अधिक स्वच्छ दिसे, व एका हालचालीतून दुसरीत ते विमान लवकर वळे, ही दोन कारणे त्यांच्या ध्यानात आली. ह्या व अशा विचारांतून त्यांनी निर्णयाच्या चार पायऱ्या सांगितल्या: पाहणे, उमजणे, ठरविणे व करणे. चौथी पायरी झाली की काम संपले असे नाही. केल्याने स्थिती बदलते, म्हणून पुन्हा पाहावे. हे चक्र रहाटाप्रमाणे फिरत राहिले पाहिजे.

ह्यांत दुसरी पायरी सर्वांत अवघड, असे बॉइड मानीत. डोळ्यांस दिसते ते सर्वांस सारखेच; पण त्याचा अर्थ आपण आपल्या जुन्या अनुभवावरून, चालीरीतींवरून व ऐकीव समजुतींवरून लावतो. “आजोबांच्या काळापासून पाणी ह्या ओट्यापर्यंत कधी आले नाही,” असे म्हणणाऱ्यास चढते पाणी दिसत असूनही उमजत नाही.

२. दोन शाळा

ता. ११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी जपानच्या ईशान्य किनाऱ्यास भयंकर भूकंप झाला, व त्यामागून समुद्राच्या प्रचंड लाटा आल्या. त्या दिवशीची दोन गावांची हकिकत लक्षपूर्वक वाचावी.

कामाइशी शहराच्या उनोसुमाई भागात एक प्राथमिक शाळा व तिच्याजवळच मोठ्या मुलांची शाळा होती. सरकारी नकाशाप्रमाणे दोन्ही जागा लाटेच्या टप्प्याबाहेर होत्या. पण कातादा नावाच्या प्राध्यापकांनी तेथील मुलांस पूर्वीच तीन गोष्टी शिकविल्या होत्या: नकाशावर विसंबू नका, त्या घटकेस जे उत्तम करवेल ते करा, आणि दुसऱ्याची वाट न पाहता स्वतः आधी निघा. भूकंप होताच मोठी मुले धावत सुटली. त्यांना पाहून लहान शाळाही निघाली, व मोठ्यांनी लहानांचे हात धरले. नेमलेल्या जागी पोहोचल्यावर मागील कडा ढासळत असलेला दिसला. म्हणून ती आणखी वर गेली. तेथून लाट येताना दिसली. म्हणून त्याहूनही वर चढली. त्या शहरात हजारांहून अधिक माणसे मेली वा बेपत्ता झाली, पण शाळेतून निघालेली ही सुमारे ५७० मुले वाचली.

दुसरी शाळा इशिनोमाकी शहराच्या हद्दीतील ओकावा येथील. ती समुद्रापासून सुमारे ४ किलोमीटर आत, किताकामी नदीच्या काठी होती. नकाशाने तीही निर्धोक ठरविली होती. मुख्याध्यापक त्या दिवशी शाळेत नव्हते. शिक्षकांनी मुलांस पटांगणात शिस्तीने उभे केले, आणि पुढे काय करावे ह्याविषयी बोलणे चालले. शाळेमागेच टेकडी होती. तिकडे जाऊ या, असे काही मुलांनी म्हटल्याचे वाचलेल्यांनी पुढे सांगितले. पण भूकंपाचे धक्के चालूच होते, व तेथे झाडे पडतील अशी धास्ती होती. सुमारे ५० मिनिटे गेली. शेवटी नदीच्या पुलाजवळील उंचवट्याकडे निघाले, तोच पाणी आले. ७४ मुले व १० शिक्षक त्यात गेले. न्यायालयात हे प्रकरण अनेक वर्षे चालले, व २०१९ साली जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळेची व शहराची पूर्वतयारी अपुरी होती हा निकाल कायम केला. कोठे पळावे हे त्यांच्या नियमपुस्तकात नीट लिहिलेलेच नव्हते. मोकळी जागा किंवा बाग एवढेच त्यात होते.

वाचकहो, ते शिक्षक निष्काळजी किंवा भित्रे होते असे म्हणू नये. ते मुलांजवळच राहिले, व मुलांबरोबरच गेले. त्यांनी पाहिलेही होते; पण उमजणे व ठरविणे ह्यांच्यामध्ये ते अडकले, कारण ठरविण्याचा अधिकार कोणाचा व जावयाचे कोठे, हे आधी ठरलेले नव्हते. प्रीती असूनही तयारी नसली तर काय होते, हे येथे दिसते.

३. हेतू सांगावा, हात बांधू नयेत

प्रशियाचे सेनापती मोल्टके (१८००–१८९१) ह्यांनी असे शिकविले की, शत्रूशी पहिली गाठ पडल्यावर कोणतीही योजना जशीच्या तशी टिकत नाही. म्हणून सेनापतीने काय साधावयाचे ते हाताखालच्यांस स्पष्ट सांगावे, आणि कसे साधावयाचे ते त्या त्या जागेवरील माणसावर सोपवावे. गावच्या पुढाऱ्यास हा धडा फार उपयोगी आहे. “मला विचारल्यावाचून काही करू नका,” असे सांगणारा पुढारी परगावी गेला की गावचे हातपाय बांधून जातो.

४. घाई म्हणजे त्वरा नव्हे

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. चार पायऱ्यांतील पहिल्या दोन गाळून एकदम चौथीवर उडी घेणे हे तितकेच घातक आहे. ता. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणाऱ्या टोळीची आवई उठली होती. भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच निरपराध माणसांस जमावाने ठार मारले. तेथे त्वरा होती. पण हे कोण, कोठले, ह्याची शांतपणे चौकशी झाली नाही. मनात भीती अगोदरच भरली असली म्हणजे डोळे तिला अनुकूल तेच पाहतात. म्हणून बातमी कोणी पाहिली व कोणी केवळ ऐकली, हे पुढाऱ्याने प्रथम विचारावे. जे केल्यावर परत फिरविता येत नाही, त्याविषयी अधिक थांबावे. टेकडीवर चढणे चुकले तर मात्र खाली उतरता येते.

५. आपल्या गावी काय करावे

पावसाळ्यापूर्वी एका सायंकाळी वडील माणसे, तरुण व स्त्रिया ह्यांनी एकत्र बसून पुढील गोष्टी ठरवाव्यात.

(१) कोणते चिन्ह दिसताच निघावयाचे? पाणी कोणत्या दगडास लागले म्हणजे चर्चा बंद करून उठावयाचे?

(२) कोठे जावयाचे, आणि ती वाट बंद झाली तर दुसरी कोणती?

(३) पुढारी नसला तर शब्द कोणाचा? व तोही नसला तर कोणाचा?

(४) आजारी, म्हातारे, बाळंतिणी व लहान मुले कोणत्या घरी आहेत, आणि कोणास कोण उचलील?

(५) लहानाने किंवा परक्याने धोका सांगितला तर तो ऐकून घेण्याची आपली चाल आहे काय?

हे ठरल्यावर वर्षातून एकदा ती वाट सर्वांनी चालून पाहावी. जे पायांनी एकदा केले ते घाबरलेल्या मनासही आठवते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. चार पायऱ्या कोणत्या, व दुसरी अवघड का?

२. दोन्ही शाळांस नकाशाने निर्धोक ठरविले असता एक वाचली व एक बुडाली, ह्याची कारणे सांगा.

३. आपल्या गावी ठरविण्यास उशीर कशामुळे होतो: माहितीच्या अभावी, की मानापानामुळे?