लहानशी कडी

यंत्र मुके असते, असे आपण समजतो. परंतु ज्याने एखादे यंत्र मनापासून वापरले आहे, त्यास ठाऊक असते की यंत्र बोलते. सैल झालेला नट खडखडतो, कोरडी पडलेली साखळी कुरकुरते, हवा कमी झालेले चाक वळणावर डगमगते. ही भाषा जो ऐकत नाही, त्याच्यावर केव्हा ना केव्हा पस्तावण्याची पाळी येते. माझ्यावर ती पाळी हिमालयात, समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटरांहून अधिक उंचीवर आली. तीच हकीकत मी आज तुम्हांस सांगणार आहे.

आम्ही पुण्याचे सात जण. महिन्यातील एखाद्या रविवारी मोटारसायकलींवरून वरंध किंवा ताम्हिणी घाटात भटकून यावे, हा आमचा परिपाठ. आमच्यात कोणी शिक्षक, कोणी बँकेतील कारकून, तर कोणी विद्यार्थी. सर्वांत वडील नाना. एस. टी. च्या कार्यशाळेत तीस वर्षे काम करून ते निवृत्त झाले होते. त्यांचे बोलणे थोडे, पण हात मोठे कुशल.

नानांनी आम्हांस तीन नियम घालून दिले होते. पहिला नियम असा, की रोज निघण्यापूर्वी प्रत्येकाने आपली गाडी आपल्या हाताने तपासावी आणि तशी नोंद वहीत करावी. दुसरा, सर्वांत शेवटी नेहमी जाणत्या माणसाने राहावे आणि अवजारांची पिशवी त्याच्यापाशी असावी; म्हणजे वाटेत कोणाची गाडी बंद पडली, तरी अवजारे आपोआपच तेथे येऊन पोहोचतात. तिसरा, प्रत्येकाने आपल्या मागच्या सोबत्यावर आरशातून लक्ष ठेवावे आणि तो दिसेनासा झाला तर थांबावे. पुढचा थांबला, की त्याच्या पुढचाही थांबतो. आणि असे करीत करीत सारी रांगच थांबते. कोणी एकटा मागे राहत नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये आम्ही मनालीहून लेहला जाण्याचे ठरविले. टाकीतील सर्व पेट्रोल काढून गाड्या रेल्वेने चंदीगडपर्यंत पाठवायच्या आणि पुढचा प्रवास गाड्यांवरून करायचा, असा बेत होता. गाड्या पाठविण्याच्या आदल्या रात्री मी माझ्या गाडीला नवी साखळी, म्हणजे आपण जिला चेन म्हणतो ती, घरीच बसविली. काम घाईत झाले. पण आपल्या हातून ते झाले, याचाच मला अभिमान वाटत होता.

मनाली सोडल्यावर २०२० साली खुला झालेला सुमारे नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा लागतो. त्यातून आम्ही लाहौलच्या खोऱ्यात उतरलो. टांडी येथे चंद्रा आणि भागा या दोन नद्यांचा संगम आहे. संगमानंतरच्या प्रवाहास चंद्रभागा म्हणतात. हीच पुढे चिनाब होते. ‘चंद्रभागा’ हे नाव कानी पडताच आम्हां सर्वांना पंढरपूर आठवले आणि नानांनी नकळत हात जोडले. टांडीच्या पंपावर आम्ही टाक्या काठोकाठ भरल्या. पुढे दूरवर पंपाची खात्री नव्हती, म्हणून दोन डब्यांतही पेट्रोल बरोबर घेतले. विरळ हवेची शरीराला सवय व्हावी, यासाठी जिस्पा गावी आम्ही एक दिवस अधिक राहिलो.

त्या मुक्कामात नानांनी आम्हांस गाडीची तपासणी पुन्हा एकदा समजावून सांगितली. चाकांतील हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी. धावून तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो. एंजिनचे तेल गाडी सपाट जागी सरळ उभी करून पाहावे. हादऱ्यांनी नट-बोल्ट सैल होतात, म्हणून ते एकेक करून पान्याने चाचपावेत. ब्रेक दाबून पाहावेत. चेन रॉकेलच्या फडक्याने पुसावी आणि तिला तेल द्यावे. दोन दातेरी चक्रांच्या मधोमध चेन बोटाने वरखाली करून पाहावी. साधारणपणे ती २५ ते ३० मिलिमीटर हलावी. यापेक्षा ताठ असेल तर ती ताणली जाते. फार सैल असेल तर चक्रावरून उतरते.

एका तरुणाने विचारले, “नाना, माझी गाडी चढावर धापा का टाकते?”

नाना म्हणाले, “अरे, तुला धाप लागते, तशीच तिलाही लागते. पेट्रोल जळायला हवा लागते. पाच हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने जवळजवळ निम्मा होतो. कार्ब्युरेटर मात्र पेट्रोल जवळपास पूर्वीइतकेच सोडत राहतो. ते पुरते जळत नाही आणि प्लगवर काजळी धरते. प्लग काढून पाहा. तपकिरी असेल तर ठीक. काळा झाला असेल तर पूस आणि पुन्हा बसव. नव्या गाड्यांत हे प्रमाण यंत्रच सांभाळते, पण शक्ती त्यांचीही कमी होतेच.”

दुसऱ्या दिवशी पहाटे कडाक्याची थंडी होती. सर्व जण गाड्यांशी वाकून काम करीत होते. मी मात्र हातमोजे काढण्याचा कंटाळा केला. ‘चेन तर नवीनच आहे, तिला काय होणार?’ असे मनाशी म्हणून मी वहीत माझ्या नावापुढे ‘तपासली’ असे लिहून टाकले.

बारालाचा खिंड ओलांडून, सरचूच्या पठारावरून आम्ही गाटा येथील वळणांपाशी आलो. एकाच डोंगराच्या अंगावर एकावर एक अशी ही एकवीस वळणे आहेत. ती चढून नकी खिंड पार केली आणि लाचुलुंग खिंडीचा चढ सुरू झाला. दुपारचे तीन वाजले असतील. एकाएकी खाडकन आवाज झाला. एंजिन मोठ्याने गर्जू लागले, पण गाडी पुढे सरकेना. मी खाली पाहिले, तो चेन जागेवर नव्हती. मागे पन्नास पावलांवर ती रस्त्यात मेलेल्या सापासारखी पडली होती.

सभोवार उघडे डोंगर, बोचरा वारा आणि निःशब्द शांतता. माझे डोके विरळ हवेने आधीच ठणकत होते. मुक्काम पांगला होता. तेथे पोहोचण्यास पाच हजार मीटरांहून उंच खिंड ओलांडावयाची होती. सूर्य मावळला असता तर त्या थंडीत उघड्यावर रात्र काढणे जिवावर बेतले असते. आणि ते केवळ माझ्याच नव्हे.

दहा मिनिटांत मागून नाना आले. अर्ध्या तासात पुढे गेलेले पाचही जण परतले. कोणी रागावले नाही, की कोणी घड्याळाकडे पाहिले नाही. नानांनी चेन उचलून तिची दोन्ही टोके निरखली. चेनची दोन टोके जोडणाऱ्या कडीला ‘चेन लॉक’ म्हणतात. तिच्यावर घोड्याच्या नालेसारखी एक इवलीशी क्लिप असते. ती क्लिप निसटली होती आणि कडीही कोठेतरी पडून गेली होती.

“क्लिपचे बंद टोक कोणत्या दिशेला ठेवले होतेस?” नानांनी विचारले.

मला आठवेना. मग आठवले, आणि मी वरमलो. चेन ज्या दिशेने धावते, त्या दिशेला क्लिपचे बंद टोक असावे लागते. उघडे टोक पुढे राहिले, तर धावताना कशाला तरी घासून क्लिप निसटू शकते. मी ती उलटी बसविली होती.

“आणि आज सकाळी चेन पाहिली होतीस ना?”

सर्वांचे डोळे माझ्याकडे लागले. ‘हो’ म्हणणे सोपे होते. वहीत तसे लिहिलेही होते. माझा कंठ दाटून आला. मी म्हणालो, “नाही, नाना. मी न पाहताच लिहिले.”

नाना क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी एका छोट्या डबीतून एक नवे चेन लॉक काढून माझ्या तळहातावर ठेवले आणि पक्कड माझ्यापुढे केली. “घे. तूच बसव. आम्ही आहोत येथे.”

मी गाडी न्यूट्रलमध्ये घेतली. पुढचे चक्र झाकणाआड होते. म्हणून चेनच्या टोकाला तार बांधली आणि ती चक्रावरून ओवून हळूहळू पलीकडे ओढून घेतली. मग चेनची दोन्ही टोके मागच्या चक्राच्या दातांवर शेजारी शेजारी बसविली. अशा रीतीने दात टोकांना धरून ठेवतात आणि दोन्ही हात मोकळे राहतात. कडी आरपार घातली, वर पट्टी ठेवली आणि पक्कडीने क्लिप सरकविली. बंद टोक या वेळी पुढे होते. गारठ्याने बोटे बधिर झाली होती. क्लिप दोनदा हातातून पडली. दोन्ही वेळा कोणीतरी ती मुकाट्याने उचलून दिली. शेवटी चेन किती सैल आहे ते मोजले आणि मागचे चाक हाताने फिरवून पाहिले.

अंधार पडता पडता आम्ही पांगला पोहोचलो. तंबूत गरम चहा घेताना मी म्हणालो, “नाना, लेहला दुकान सापडले, की तुमचे चेन लॉक परत करतो.”

नाना हसून म्हणाले, “मला नको. मलाही ते अशाच एका रस्त्यावर एका अनोळखी माणसाने दिले होते. विकत घेतलेस, की तुझ्याच पिशवीत ठेव. ज्याला लागेल, त्याला दे.”

दुसऱ्या दिवशी मोरेच्या विस्तीर्ण पठारावर एक अपरिचित प्रवासी पंक्चर झालेल्या गाडीपाशी हताश होऊन बसलेला दिसला. कोणी सांगण्यापूर्वीच मी थांबलो. आम्ही चाक काढले, ट्यूब बाहेर काढून तिच्यात हवा भरली आणि गालाजवळ धरून छिद्र शोधले. टायरच्या आतून जपून बोटे फिरवली, तेव्हा खिळ्याचे टोक सापडले. ते राहिले असते तर ट्यूब पुन्हा फुटली असती. छिद्राभोवतीची जागा काचकागदाने घासली, सोल्यूशन लावले, ते सुकू दिले आणि मग ठिगळ दाबून बसविले. तो पैसे देऊ लागला. मी नानांचेच शब्द त्याला सांगितले. नाना दुरून पाहत होते. ते काही बोलले नाहीत.

लेहला पोहोचल्यावर मी ती वही मागून घेतली. जिस्पाच्या पानावर माझ्या नावापुढे जे ‘तपासली’ लिहिले होते, ते खोडून मी तेथे ‘पाहिली नव्हती’ असे लिहिले आणि खाली सही केली. ते पान आजही वहीत आहे. आमच्या मंडळात नवा सभासद आला, म्हणजे मी त्याला प्रथम ते पान दाखवितो आणि मग चेन लॉक कसे बसवावे ते शिकवितो.

शब्दार्थ
परिपाठ – नेहमीचा क्रम
हताश – निराश झालेला
वरमणे – लाजणे, ओशाळणे
विस्तीर्ण – अफाट पसरलेले
बधिर होणे – स्पर्शाची जाणीव नाहीशी होणे

स्वाध्याय
१. नानांनी घालून दिलेले तीन नियम कोणते? त्यांतील तिसऱ्या नियमाचा लेखकास कसा उपयोग झाला?
२. उंच ठिकाणी मोटारसायकलीची शक्ती कमी का होते?
३. चेन निसटण्यास लेखकाच्या कोणत्या दोन चुका कारणीभूत झाल्या? त्यांपैकी अधिक गंभीर कोणती? का?
४. नानांनी चेन लॉक स्वतः न बसविता लेखकास का बसवावयास लावले असेल?
५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : पस्तावण्याची पाळी येणे, जिवावर बेतणे, कंठ दाटून येणे.
६. तुमच्या घरातील सायकल किंवा शिवणयंत्र वडील माणसांच्या देखत तपासा आणि काय काय पाहिले ते दहा ओळींत खरेखरे लिहा.