'गुन्हा' : एका शब्दाचे कूळ

वर्तमानपत्र उघडले की 'गुन्हा दाखल झाला' हे शब्द दिसल्यावाचून राहत नाहीत. हा शब्द आला कोठून, असे विचारले तर 'गुण' या शब्दाशी त्याचे नाते जोडण्याचा मोह होतो. कानाला पटणारी ही व्युत्पत्ती खरी मात्र नाही.

'गुन्हा' मराठीने फारसीतून घेतला. मूळ रूप 'गुनाह'. शब्दाच्या अखेरचा 'ह' मराठी जिभेला फारसा मानवत नाही. 'निगाह'ची आपण 'निगा' केली, 'सलाह'चा 'सल्ला' केला. 'गुनाह'मधला 'ह' मात्र नाहीसा न होता 'न'ला जाऊन बिलगला. अर्थही बदलला. हिंदी-उर्दूत 'गुनाह' म्हणजे मुख्यतः पाप. मराठीत 'गुन्हा' कचेरीत जाऊन बसला. जुन्या मराठी कागदपत्रांत तर 'गुन्हेगारी' म्हणजे गुन्ह्याबद्दल वसूल केलेला दंड.

आता थोडे मागे जाऊ. मध्ययुगीन फारसीत हाच शब्द 'विनाह' असा होता. आरंभीच्या 'वि'चा पुढे 'गु' झाला. प्राचीन 'विश्तास्प' हे नाव असेच 'गुश्तास्प' बनले. अखेरचा 'ह' संस्कृत 'श'च्या जागी आहे. संस्कृत 'दश', फारसी 'दह', आणि आपले 'दहा'ही त्याच वाटेने गेलेले! ही दोन सूत्रे लावली की 'विनाह'समोर संस्कृत शब्द उभा राहतो तो 'विनाश'. 'गुन्हा' हा 'विनाशा'चा मुलगा नव्हे. चुलत घराण्यातील भाऊ होय. इराणच्या नक्श-ए-रुस्तम येथील दारयवहु राजाच्या (इ. स. पू. ५२२ ते ४८६) शिलालेखात याच धातूचे क्रियापद 'नुकसान करणे' या अर्थाने आले असून, जो जेवढे नुकसान करील त्या मानाने त्याला शिक्षा, असे राजा तेथे सांगतो.

याउलट 'अपराध' हा शब्द पाहा. 'राध्' म्हणजे सिद्धीस जाणे. 'अप' लागला की चुकणे. ज्याचा बाण लक्ष्यावरून ढळला त्या धनुर्धराला संस्कृतात 'अपराद्धपृषत्क' म्हणत. 'अपराध' करणाऱ्याचा नेम पाहतो. 'गुन्हा' दुसऱ्याची झालेली हानी पाहतो.

ही केवळ शब्दांची गंमत आहे काय? १८७१ साली इंग्रज सरकारने एक कायदा करून काही जमातीच्या जमाती 'गुन्हेगार' ठरविल्या. पुढे तो कायदा आपल्या भागातही लागू झाला. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. तेथील माणसांना हजेरी द्यावी लागे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती कायद्याने विमुक्त झाल्या, पण लोकांच्या तोंडचा शब्द कायद्याइतका लवकर रद्द होत नाही. गावात चोरी झाली की आधी कोणाच्या पालाकडे बोट जाते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे.

शब्दाचे कूळ येथे उपयोगी पडते. 'गुन्हा' म्हणावयाचे तर कोणीतरी काही केले पाहिजे आणि कोणाची तरी हानी झाली पाहिजे. नुकत्याच जन्मलेल्या मुलाने काय केले, आणि कोणाचे बिघडविले? तेव्हा 'जन्मतः गुन्हेगार' हा शब्दप्रयोग अन्यायाचा तर आहेच. शिवाय भाषेच्या दृष्टीनेही तो अशुद्ध आहे. व्याकरणाच्या चुका तपासणाऱ्या आपण मंडळींनी ही चूक आधी सुधारावी.