ओल आधी, रंग नंतर

प्रश्न : बाथरूमला लागून असलेल्या खोलीच्या भिंतीचे दर वर्षी पोपडे निघतात. पुट्टी, रंग सगळे करून झाले. काय करावे?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पाणी कुठून मुरते हे कळल्याशिवाय रंगावर पैसे घालवू नका. पाऊस संपल्यावर आठवडाभर त्या बाथरूममध्ये आंघोळ, धुणे बंद ठेवा. पाइपात पाणी मात्र राहू द्या. भिंत सुकू लागली, तर पाणी बहुधा टाइल्सच्या सांध्यांतून किंवा नहाणी ट्रॅपच्या कडेने मुरते आहे. सांध्यांतला भुसभुशीत माल खरवडून काढा, सगळे पूर्ण वाळू द्या आणि इपॉक्सी ग्राउट भरा. ओल तशीच राहिली, तर भिंतीतला पाइप गळत असण्याची शक्यता मोठी, प्लंबरला बोलवा.

मग भिंतीकडे वळा. सुटलेले प्लास्टर घट्ट थर लागेपर्यंत काढा. पांढरी भुकटी दिसते तो क्षार. तो कोरड्या ब्रशने झाडा. ओल्या फडक्याने पुसलात तर विरघळून पुन्हा आत जाईल. भिंत वाळली का, हे पाहायला दीड फूट प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावा. दुसऱ्या दिवशी आतून थेंब दिसले, तर अजून थांबा. थेंब नसतील, तरच व्हाइट सिमेंटची पुट्टी, प्रायमर आणि शेवटी रंग.