बोहाड्याचे मुखवटे

जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्यातील दोन डोंगराळ तालुके. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी इत्यादी आदिवासी लोक येथे राहतात. येथे पाऊस भरपूर पडतो. परंतु पाणी उतारावरून वाहून जाते. नाचणी, वरई आणि भात यांवर वर्षभर निर्वाह होत नाही. म्हणून पिके हाती आली, की अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर मजुरीसाठी दूर जातात. होळी सरली, की मात्र त्यांचे मन गावाकडे ओढ घेते. कारण बोहाड्याचे दिवस जवळ येतात.

बोहाडा म्हणजे देवदेवतांची सोंगे नाचविण्याचा उत्सव. उन्हाळ्यात तो गावोगावी काही रात्री चालतो. या उत्सवाचा प्राण म्हणजे मुखवटे. काही मुखवटे लाकडातून कोरलेले असतात, तर काही कागदाच्या लगद्याचे असतात. जुने कागद भिजवून कुटतात, त्यात खळ मिसळतात आणि तो लगदा साच्यावर थापतात. उन्हात तो कडक वाळला, की त्यावर रंग चढतात. डोळे रेखले जाताच निर्जीव लगद्याला जणू दृष्टी येते!

रात्र पडते. मशाली पेटतात. संबळ घुमू लागतो. प्रथम गणपती येतो, नंतर सरस्वती येते. मग मारुती, भीम, नरसिंह, वेताळ अशी सोंगे एकामागून एक नाचत येतात. दहा तोंडांचा रावण सावरणे हे तर मोठ्या बळाचे काम! अखेरीस जगदंबा प्रकटते, महिषासुराशी तिचे युद्ध होते आणि असुराचा वध होतो.

कोणते सोंग कोणत्या घराने आणावयाचे, हे बहुधा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. तो त्या घराचा मान असतो आणि कर्तव्यही असते. मुखवट्याची पूजा झाल्यावरच तो धारण करतात. कालपर्यंत विटा वाहणारा मजूर त्या रात्री देव होतो आणि गावातील थोरमोठे त्याच्यापुढे हात जोडतात.

देवाला किंवा संताला मिरवीत नेण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. आषाढी वारीत वारकरी संतांच्या पादुका पालखीतून पंढरीला नेतात. गोव्यात गोवा वेल्हा येथे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात ख्रिस्ती भाविक संतांच्या मूर्ती खांद्यावर घेऊन मिरवणूक काढतात. बोहाड्यात मात्र माणूस देवाला आपल्या मुखावरच धारण करतो.

आज हे मुखवटे शहरांतील घरांच्या भिंतींवरही शोभतात. त्यांच्या विक्रीतून कारागिरांना चार पैसे मिळतात, ही चांगली गोष्ट आहे. परंतु भिंतीवरचा मुखवटा नाचत नाही. तो नाचविण्यासाठी संबळ वाजविणारा हवा, सोंगाचा मान सांभाळणारे घर हवे आणि दूर गेलेली माणसे गावी परतावयास हवीत. कारागीर मुखवटा घडवितो. त्यात प्राण मात्र सारा गाव मिळून ओततो.

स्वाध्याय

१. जव्हार-मोखाड्यातील अनेक कुटुंबे गाव सोडून दूर का जातात?
२. कागदाच्या लगद्याचा मुखवटा कसा तयार करतात?
३. ‘भिंतीवरचा मुखवटा नाचत नाही’ या वाक्याचा भाव स्पष्ट करा.
४. आपल्या गावातील एखाद्या मिरवणुकीचे वर्णन दहा ओळींत लिहा.