समाजमाध्यमावरील ओळख खरी की रचलेली?

प्रश्न: प्रोफाइलवरची ओळख खोटी म्हणावी का?

उत्तर: समाजमाध्यमावरील ओळख रचलेली असते, पण तेवढ्याने ती खोटी ठरत नाही. घनसावंगी तालुक्यातील जांब येथे १६०८ मध्ये जन्मलेले नारायण सूर्याजी ठोसर ‘रामदास’ या नावाने ओळखले गेले; ‘समर्थ’ ही उपाधी लोकांनी दिली आणि ती गावाच्या नावालाही जोडली गेली. प्रोफाइलचेही तसेच. नाव, फोटो, स्टेटस माणूस निवडतो. टॅग आणि कॉमेंट इतरांच्या हाती. समोर कोण आहे ते पाहून माणूस स्वतःला मांडतो, हे समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी फेसबुकच्या कितीतरी आधी दाखवले. फेसबुकवर मात्र भावकी, वर्गमित्र, साहेब एकाच वेळी समोर असतात. म्हणून बरेच जण सर्वांना चालेल तेवढेच दाखवतात. असे निवडून दाखवणे म्हणजे खोटेपणा नव्हे; दुसऱ्याचे सोंग घेऊन ऑनलाइन फसवणूक करणे हा मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड नुसार गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद आहे.